न धुतलेली दोन चाकं

“...ते सगळं ठीक. पण जुनं इंजिन गेलं कसं?”

गुलशेर उस्तादांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

उन्मेषने हातातली फाइल मिटली. फाइलमध्ये एक तक्ता होता. तीन इंजिनं, प्रत्येकाची ताकद, वजन, डिझेल किती पितं, सुटे भाग कुठे मिळतात. आठवडाभर खपून केलेला. उस्तादांनी तो हातातही घेतला नव्हता.

“सांगितलं ना. घाटात जाम झालं.”

“जाम झालंय, ते मला दिसतंय. कसं झालं, ते तू सांग.”

केळीच्या बागा संपतात आणि सातपुडा सुरू होतो, तिथे उस्तादांची पत्र्याची शेड होती. गुलशेर तडवी. वय सत्तरीच्या पुढे. उजव्या हाताला तीनच बोटं, उरलेली दोन कधीकाळी रेडिएटरच्या पंख्यात गेलेली. डोंगरात चालणारी प्रत्येक जीप केव्हा ना केव्हा या शेडमध्ये येऊन गेली होती.

उस्तादांचा एक नियम होता. इंजिन बदलायचं असेल, तर जुनं कसं गेलं ते चालवणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मालकाने नाही, मुकादमाने नाही. चालवणाऱ्याने. त्यांना पटेपर्यंत नवं बसवायला ते पान्याला हात लावत नसत.

उन्मेषला ही नुसती वेळेची नासाडी वाटत होती.

वेळ नव्हताच. वरच्या पाड्यांवर दोन बायांचे दिवस भरत आले होते. पाड्यावरून दवाखान्यात न्यायला गाडी एकच. ती शेडच्या मधोमध उभी होती. बॉनेट उघडं, आत काहीच नाही. नुसती पोकळी.

बाहेर भाद्रपदातला कंटाळवाणा पाऊस पत्र्यावर पडत होता. दुपार असून अंधारून आलं होतं.

“उस्ताद, मी दोन तास मोटरसायकल मारत आलोय. मला हे मोठं इंजिन हवंय.” उन्मेषने बोट दाखवलं.

तीन इंजिनं मातीच्या जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली होती. एक मोठं, चकचकीत, कुठल्याशा अपघातातल्या नव्या गाडीतून काढलेलं. एक मधलं. आणि एक लहान, काळपट, मेलेल्या इंजिनाचं सख्खं भावंड वाटावं असं.

“एकशे बारा एचपी,” उन्मेष म्हणाला. “तो घाट हे झोपेत चढेल.”

“घाट इंजिन चढतं?”

“मग कोण चढतं?”

उस्तादांनी बिडी पेटवली.

उन्मेष जीपभोवती एक फेरी मारून आला. त्याला स्वस्थ उभं राहता येत नसे. दोन वर्षांपूर्वी समाजकार्याची पदवी घेऊन तो या डोंगरात आला, तेव्हापासून कुणीही त्याला स्वस्थ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पाड्यावर आरोग्यकेंद्र नाही? काढू. रस्ता नाही? अर्ज करू. रस्ता मंजूर होता. तो दर वर्षी मंजूर होई.

“आणि ही चाकं का नाही धुतलीत?” तो म्हणाला. “सगळी गाडी धुतलीत. पुढचीच दोन तेवढी चिखलाने भरलेली.”

“राहू दिलीत.”

“का?”

“मी आधी विचारलंय, भाऊ.”

...

उन्मेष एका उलट्या ड्रमवर बसला.

“ठीक आहे. ऐका. इंजिन तीस वर्षांचं. ताकद मुळात अठ्ठेचाळीस एचपी, आता तीससुद्धा उरली नसेल. चढ उभा. गाडीत पाच माणसं. पाऊस. गणित साधं आहे. इंजिन कमी पडलं.”

“हे त्याचं वय सांगितलंस. वजन सांगितलंस. मरण सांग.”

“तेच सांगतोय!”

“नाही सांगत आहेस.”

उस्ताद उठले. कोपऱ्यातली गोणी बाजूला केली. खाली जुनं इंजिन उघडून ठेवलेलं होतं. त्यांनी तीन बोटांनी एका पोकळीकडे दाखवलं. आत पिस्टन होता. कडेने वितळून भिंतीला चिकटलेला.

“हे बघ. हे कमी पडून गेलेलं नाही. हे शेवटपर्यंत फिरत राहिलंय. पाणी संपलं तरी फिरलं, तेल जळलं तरी फिरलं. कुणीतरी पाय उचलला नाही, म्हणून फिरत राहिलं बिचारं.”

उन्मेषने नजर वळवली.

“पाय कसा उचलणार होतो? मागे सुमली होती.”

“कोण सुमली?”

उन्मेषने फाइलची कड मुडपली.

“कोण?”

“रायल्याची बायको. निंबापाड्याची. पहिलटकरीण. रात्रीपासून कळा येत होत्या, पोर अडलं होतं.”

“हां,” उस्ताद म्हणाले. त्यांनी बिडी विझवली. “आता सांग.”

उन्मेष सांगू लागला. आधी भरभर, मग थांबत थांबत.

निंबापाड्यावरून आधी खाली उतरायचं. काळझिऱ्याचा नाला ओलांडायचा. मग समोरचा घाट. तो चढला की पलीकडे डांबरी रस्ता, आणि तिथून दवाखाना पाऊण तासावर. सकाळी आठला निघाले. नाल्याला गुडघाभर पाणी होतं. नाला पार झाला. घाटाच्या तिसऱ्या वळणावर लाल माती होती, लोण्यासारखी.

“कुठला गिअर?”

“पहिला.”

“फोर-व्हील?”

“हो. नाल्यातच दांडा टाकला होता.”

“टाकला होतास?”

“उस्ताद, मला तेवढं कळतं. तीन महिने मीच चालवतोय.”

“मग?”

“मग मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. खड्डा पडला. रायल्या आणि त्याचे दोन भाऊ उतरून ढकलत होते. मी अॅक्सिलरेटर दाबून धरला. इंजिन ओरडत होतं. धूर. वाफ. तरी दाबून धरला. आणि मग...”

“मागची चाकं फिरत होती.”

“हो.”

“पुढची?”

“काय पुढची?”

“पुढची फिरत होती का?”

उन्मेषने जीपच्या पुढच्या चाकांकडे पाहिलं.

“माहीत नाही. मी आत होतो.”

पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला.

“पुढे,” उस्ताद म्हणाले.

“पुढे काय. इंजिन एकदम गप्प झालं. चावी फिरवली तर हूं नाही की चूं नाही. घोंगडीची झोळी केली. चौघांनी खांद्यावर घेतली. रस्ता लागायच्या आधीच...” त्याने हाताने नाही अशी खूण केली. “दोघंही.”

उस्तादांनी विझलेली बिडी कानामागे खोचली.

“म्हणून मला मोठं इंजिन हवंय,” उन्मेष म्हणाला. त्याचा आवाज चढला. “परत कुणी त्या वळणावर मरायला नकोय मला. एवढंच. यात काय चुकीचं आहे?”

“काही नाही.”

“मग बसवा ना!”

“अजून पटलं नाही.”

उन्मेष ताडकन उठला. फाइल खाली पडली. तक्त्याचा कागद तेलात भिजला. त्याने तो उचललाही नाही.

“काय पटायचं राहिलंय तुम्हाला? बाई मेली, ते पटलं नाही?”

उस्तादांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच नव्हतं.

“तुझ्याआधी ही गाडी कोण चालवायचं?”

“खात्र्यादादा. तुम्ही ओळखता.”

“किती वर्षं?”

“अकरा.”

“इंजिन हेच.”

“हो, पण तेव्हा ते...”

“तेव्हाही जुनंच होतं. मीच बसवलं होतं, जुनंच. घाट तोच. लाल माती तीच. अकरा पावसाळे. किती वेळा अडकला खात्र्या?”

उन्मेषच्या माहितीत एकदाही नाही.

“त्याला का काढलास?”

“काढलं नाही. ते गेले.”

“का गेला?”

उन्मेष परत ड्रमवर बसला. हे सांगताना त्याला कधी लाज वाटली नव्हती. आजही वाटत नव्हती. उलट या एका गोष्टीबद्दल त्याला खात्री होती.

“तुम्हाला आमच्या पाड्यावरचा भगत माहीत आहे. मी आलो त्या वर्षी एका पोराला साप चावला. जीप दारात उभी होती. भगताने अंगारा, उतारा, लिंबू कापणं, यात दोन तास घालवले. पोर जीपमध्ये चढवलं तेव्हा ते निळं पडलं होतं. त्या दिवशी मी ठरवलं, ही जीप तरी स्वच्छ ठेवायची. हिच्यात असलं काही चालणार नाही. समोर लिंबू-मिरच्या टांगलेल्या होत्या, मी स्वतः तोडून फेकल्या.”

“ते बरं केलंस. रेडिएटरची हवा अडत होती.”

उन्मेषला हसावं की नाही कळलं नाही.

“खात्र्यादादा माणूस चांगला. पण नाल्याकाठी आले की गाडी थांबवायचे. दर वेळी. आत माणूस मरत असला तरी. खाली उतरायचे, पुढच्या चाकापाशी वाकायचे, हात कपाळाला लावायचे. मग वळसा घालून दुसऱ्या चाकापाशी. तिथेही तेच. मग चढायचे. मी शेजारी बसून घड्याळ बघायचो. एक मिनिट, दीड मिनिट. चाकांना नमस्कार! मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा सगळ्यांसमोर बोललो.”

“काय बोललास?”

“म्हटलं, दादा, लोखंडाच्या पाया पडून बाया वाचत नाहीत. एक तर हे बंद, नाहीतर चावी इथे ठेवा.”

“मग?”

“त्यांनी चावी ठेवली.”

“काहीच नाही बोलला?”

“निघताना दारात थांबले. म्हणाले, साहेब, नाल्याकाठी उतरत जा. दोन्ही बाजूंनी.”

“तू?”

“मी म्हटलं, मी नाही कुणाच्या पाया पडत.”

उस्तादांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते उन्मेषला समजलं नाही.

ते उठले. कोपऱ्यातून जॅक आणला. जीपच्या मागच्या चाकांना दगड लावले. पुढच्या डाव्या बाजूला जॅक लावून चाक वीतभर उचललं. सगळं सावकाश. उन्मेषने दोनदा घड्याळ पाहिलं.

“आत बस. फोर-व्हीलचा दांडा टाक.”

“इंजिनच नाही तर...”

“टाक.”

उन्मेष आत चढला. दांडा ओढला. खट् आवाज झाला.

“पडला?”

“पडला.”

“आता पुढची चाकं मागच्यांना बांधली गेली. बरोबर?”

“बरोबर.”

“मागची जमिनीवर आहेत, दगड लावून. ती हलत नाहीत. म्हणजे पुढचंही हलायला नको.”

“...बरोबर.”

“खाली उतर. फिरव ते चाक.”

उन्मेष उतरला. त्याने चाकाला हात लावला आणि जरा जोर दिला.

चाक फिरलं.

नुसतं फिरलं नाही, गरगरत राहिलं. जत्रेतल्या पाळण्यासारखं. वाळलेल्या लाल चिखलाची ढेकळं त्याच्या बुटांवर पडत राहिली.

त्याने दांड्याकडे पाहिलं. दांडा पडलेलाच होता.

“दांडा बिघडलाय,” तो म्हणाला.

“दांडा चांगला आहे.”

“मग आतले गिअर गेले असतील.”

“गिअर चांगले आहेत. मी उघडून बघितलेत.”

“मग?”

“वाक.”

“काय?”

“वाक, भाऊ. उभ्याने नाही दिसायचं.”

उन्मेष वाकला. चाकाच्या मधोमध चिखलाचा एक गोळा वाळून बसला होता.

“खरवड.”

“फडकं द्या.”

“बोटांनी.”

त्याने नखांनी चिखल काढला. खालून मुठीएवढी लोखंडी टोपी निघाली. टोपीवर एक बाण. कडेला छिन्नीने पाडलेल्या दोन खुणा. एक साधी रेघ आणि एक फुली. बाण रेघेवर होता.

“रेघ म्हणजे चाक मोकळं,” उस्ताद म्हणाले. “सपाट रस्त्यावर मोकळं ठेवायचं, ओझं कमी. फुली म्हणजे जोडलेलं. आतला दांडा अर्धं काम करतो. उरलेलं अर्धं इथे, हाताने. ही जुनी गाडी आहे, तिला आत बसून सगळं सांगता येत नाही. फिरव.”

टोपी घट्ट बसली होती. एका हाताने हलेना. उन्मेषने गुडघा जमिनीला टेकला. दोन्ही हातांनी धरली. कपाळ टायरला लागलं. खट् झालं. बाण फुलीवर गेला.

“आता तिकडचं.”

तो उठला, वळसा घालून पलीकडे गेला, वाकला. तिकडेही चिखल, तिकडेही बाण रेघेवर. तिकडेही गुडघा टेकवावा लागला.

खट्.

“आता ये. पहिलं फिरव.”

उन्मेष परत आला. चाकाला हात लावला.

चाक हललं नाही.

त्याने जोर दिला. खांदा लावला. सगळी जीप दगडांवर कुरकुरली, पण चाक जागचं हललं नाही. त्याने पुन्हा खांदा लावला. पुन्हा. उस्तादांनी त्याला थांबवलं नाही. दम लागल्यावर तो स्वतःच थांबला आणि तिथेच, चाकाला पाठ लावून, मातीत बसला.

शेजारच्या सीटवरून जे दिसायचं तेवढंच त्याने पाहिलं होतं. खात्र्यादादाची पाठ बॉनेटच्या आड जायची. थोड्या वेळाने डोकं वर यायचं, हात कपाळाला लागलेला असायचा. मधे काय व्हायचं ते सीटवरून दिसत नव्हतं. आणि दीड वर्षात तो एकदाही खाली उतरला नव्हता.

“पण नमस्कार...” तो म्हणाला. “ते नमस्कार करायचे. मी स्वतः पाहिलंय.”

“करायचा. मीच शिकवला.”

उन्मेषने वर पाहिलं.

“पहिल्या वर्षी दोनदा विसरला. चिखल, पाऊस, मागे कुणीतरी विव्हळतंय, माणूस विसरतो. दुसऱ्यांदा विसरला तेव्हा गाडी दरीच्या कडेला जाऊन थांबली. माझ्याकडे आला, रडत होता. मी म्हटलं, नाल्याकाठी उतरून दोघांच्या पाया पडत जा. पाया पडल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग नाही विसरायचास.” उस्तादांनी चाकावर हात ठेवला. “नाही विसरला. दहा वर्षं.”

“मला त्यांनी सांगायला हवं होतं.”

उस्तादांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

उन्मेषला खात्र्यादादाचे दारातले शब्द आठवले. दोन्ही बाजूंनी.

...

पाऊस थोडा कमी झाला. पत्र्याच्या कडेवरून पाण्याची धार मातीत पडत होती, एकाच जागी. तिथे खड्डा पडत चालला होता.

“उस्ताद.”

“हं.”

“मी उतरलो असतो, तर ती वाचली असती?”

“गाडी चढली असती.”

“आणि ती?”

“ते मला नाही सांगता येणार. मी गाड्यांचा माणूस.”

उन्मेषने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांना लागलेला लाल चिखल गालांना लागला. उस्ताद कुठे गेले नाहीत, जवळही आले नाहीत. त्यांनी जॅक काढला. चाक जमिनीला टेकलं.

मग उन्मेष एकदम उठला.

“मी राजीनामा देतो. आजच. पाड्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. रायल्याच्या दारात जाऊन सांगतो, तुझी बायको मी मारली. त्याला काय करायचं ते करू दे. मला मारू दे. मी...”

“पाय उचल.”

“काय?”

“पाय उचल. परत तापायला लागलास.”

उन्मेष धापा टाकत होता.

“तू सांगशील,” उस्ताद म्हणाले. “छाती बडवून घेशील. तुला हलकं वाटेल. मग शहरात जाशील. त्या दोघी बाया कुठे जातील?”

“मग काय करू?”

“ज्यासाठी आलास ते कर. इंजिन निवड.”

उन्मेषने तिन्ही इंजिनांकडे पाहिलं. मघाशी त्याला मोठ्याशिवाय दुसरं दिसत नव्हतं. आता तो त्याच्याकडे बघूही शकत नव्हता. ते चकचकीत धूड त्याला स्वतःच्याच आवाजासारखं वाटलं.

“ते लहान द्या,” तो म्हणाला.

“का?”

“जुन्यासारखंच आहे. त्याच्यात काही कमी नव्हतं. आणि... मोठ्याची माझी लायकी नाही.”

उस्ताद हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. त्या हसण्यात आनंद नव्हता.

“मघाशी तुला मोठं हवं होतं, कारण तू मोठा होतास. आता लहान हवंय, कारण तू लहान झालास. अरे, गाडीला काय हवंय ते कधी बघणार?”

“मला कळत नाही गाडीला काय हवंय ते!”

उन्मेषला स्वतःलाच हे वाक्य नवीन होतं. दोन वर्षांत त्याने कधी कुणाला असं काही म्हटलं नव्हतं. भगताला नाही, सरपंचाला नाही, पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना नाही, खात्र्यादादाला तर नाहीच.

“हां,” उस्ताद म्हणाले.

त्यांनी गोणी उचलली आणि जुन्या इंजिनावर पुन्हा पांघरली. कडा नीट खोचल्या. मग त्यांनी पाण्याची बादली आणली, उन्मेषसमोर ठेवली. त्याला वाटलं, हात-तोंड धुवायला. तो वाकला.

“तुला नाही. चाकांना.”

उन्मेषने पुढची दोन चाकं धुतली. चिखल टणक झाला होता, सहज निघत नव्हता. काळझिऱ्याची लाल माती शेडच्या जमिनीवरून वाहत दारापर्यंत गेली आणि पावसात मिसळली. त्याने टोपी बोटांनी चोळून काढली. बाण, रेघ, फुली, सगळं स्वच्छ दिसेपर्यंत.

“कळणारा माणूस आहे एक,” उस्ताद मागून म्हणाले.

उन्मेष वळला नाही. कोण, ते त्याला कळलं होतं.

“कुठे आहेत ते आता?”

“पुलापलीकडे. केळीच्या गाड्या भरतो. दिवसभर घड उचलतो. साठीचा माणूस.” उस्ताद थांबले. “अकरा वर्षं त्या गाडीखाली झोपलाय तो. कुठलं इंजिन ती पेलेल, कुठल्याने तिचा कणा मोडेल, ते त्याला कान लावून कळतं. मलाही नाही कळत तेवढं.”

“ते माझ्याशी बोलतील?”

“नाही बोलणार.”

“मी माफी मागेन.”

“माग. तो घड उचलत राहील.”

“मग जाऊन उपयोग काय? ते तोंड उघडणार नाहीत, परत चालवायला येणार नाहीत, मी समोर उभा राहून... काय विचारू त्यांना? कुठलं इंजिन, असं?”

उस्तादांनी मोठा पाना भिंतीवरच्या खिळ्याला परत टांगला. फडक्याला हात पुसले. तीन बोटं, एकेक करून.

“ते नंतर. आधी त्याला सांग, जुनं कसं गेलं ते.”